दुसरी चाल

स्नेहलतागंजातल्या शाळेचा हॉल, तिसरी फेरी, टेबल सत्तावीस.
समोर त्विषा कटारिया, वय वर्षं दहा.
पाय जमिनीला पोचत नाहीत
म्हणून खुर्चीच्या दांडीवर टेकवलेले.
हात मिळवला तर गार, आणि बोटांना जिरावणाचा वास.

पंच म्हणाले, घड्याळं सुरू करा.
राजापुढचं प्यादं दोन घरं. तिचंही दोन घरं.
मग मी राजाकडच्या उंटापुढचं प्यादं सरकवलं,
उघड्यावर, फुकट,
जसं याकूबभाई सरकवायचे
मिलच्या कँटीनमागे, बॉबिनच्या उलट्या पेटीवर,
दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत.
"पहले दे दो," म्हणायचे,
"फिर देखो, लेनेवाला क्या खोता है."
घेणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी मला
सोळा चालींपर्यंत शिकवलं होतं.
घोडा कधी निघतो, उंट कुठून डोकावतो,
हत्तीपुढची पट्टी मोकळी कशी होते.
त्या सोळा चाली मला अजून पाठ आहेत
जुन्या रेशनकार्डाच्या नंबरासारख्या.

त्विषानं घेतलं नाही.
काळा उंट तिरका आणून ठेवला
आणि तो तिथून बघत बसला
ज्या घरी माझा राजा राहायला जाणार होता
त्या घराकडे.
बस. एवढंच.

तिचं मधलं प्यादं आता मला फुकट होतं.
पण तेवढं मलाही कळतं. ते उचललं
की तिचा वजीर एका झेपेत काठावर, शह,
आणि पुढच्या शहाला माझा हत्ती गेलाच.
तेव्हा मी तिसऱ्या चालीला बावीस मिनिटं घेतली.
तिसऱ्या चालीला!
पंच दोनदा डोकावून गेले.
शेजारचा पॉलिटेक्निकचा मुलगा हरून,
सही करून, चहा प्यायला गेला.
याकूबभाई, न घेणाऱ्याचं काय करायचं
ते राहिलंच की तुमचं शिकवायचं.
फुकटचं कोण सोडतो, मियाँ, म्हणायचात.

मग आठवलं
जे घड्याळ चालू असताना आठवायला नको होतं.
मिल बंद झाली त्या वर्षी गेटबाहेर मांडलेलं टेबल,
चेकांचा गठ्ठा, शाईपॅड, उडू नये म्हणून कागदांवर वीट.
हिशोबाचा तिसरा हिस्सा घ्या, बाकी विसरा.
याकूबभाई रांगेत माझ्या पुढे होते.
कागद वाचला. चष्मा पुसून परत वाचला.
आणि रांगेतून बाजूला झाले, रागानं वगैरे नाही,
चहाच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले
गेटकडे बघत.
मी सही केली.
त्या पैशांत स्वयंपाकघराची फरशी झाली
आणि एक सेकंडहँड लूना.
ते कोर्टाच्या तारखा करत राहिले अकरा वर्षं.
तारीख नसेल त्या दिवशी, चहाची गाडी.
लूनावरून जाताना मी
त्या चौकात वेग कमी करत नसे.

मी घोडा काढला.
पुढचं काय सांगायचं. राजा माझा मधेच अडकला,
उंट जागचा हलला नाही,
चौतिसाव्या चालीला मीच घड्याळ थांबवलं.
तिनं इंग्रजीत सही केली,
आयवरच्या टिंबाच्या जागी एक मोठा गोल,
आणि माझ्या कागदावर अकरावी चाल चुकीची लिहिली होती
तीही दुरुस्त करून दिली.

"अंकल, तीसरी चाल में आप इतना क्या सोच रहे थे?"

दारात तिची आई डबा धरून उभी.
मी मोहरी परत मांडली,
तिची तिच्याकडे, माझी माझ्याकडे,
दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरं,
आणि उंटापुढचं ते प्यादं पुन्हा पुढे केलं.

तिनं खालचा ओठ चावला. आईकडे बघितलं.
"अच्छा, चलो," म्हणाली
आणि या वेळी घेतलं.